एकच कार्ड, दोन दारं

अल्बुकर्की
१३ ऑक्टोबर २०१९

प्रिय अल्बिना मावशी,

तुझं पत्र जुलैपासून माझ्या टेबलावर पडून आहे आणि मी उत्तर दिलेलं नाही. माफ कर. कामात होते असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. उन्हाळ्यात कॉलेज बंदच होतं. तू जे विचारलंस त्याचं उत्तर मला येत नव्हतं, आणि येत नाही असं कबूल करायला मला इतके दिवस लागले. फोन केला असता, पण तुझ्या कानांना फोन चालत नाही, आणि रूडी काका 'सगळं ठीक' म्हणून ठेवून देतात.

तुझा प्रश्न मी पुन्हा मांडते, म्हणजे मला तरी तो नीट कळलाय का ते कळेल. खाण कंपनी पूर्वी निवृत्त माणसांना स्वतःचा विमा द्यायची. तो तिने बंद केला आणि त्याऐवजी दरवर्षी काकांच्या नावाने एका खात्यात काही रक्कम ठेवायला लागली. तुम्ही म्हाताऱ्यांचा सरकारी औषधविमा घ्यायचा, दुकानात गोळ्यांचे पैसे भरायचे, पावती पाठवायची, आणि कंपनी त्या खात्यातून पैसे परत करणार. इथवर ठीक. सरकारचं म्हणणं असं की वर्षभरात तुमच्या खिशातून एका ठरावीक रेषेपर्यंत पैसे गेले की पुढच्या गोळ्यांचा बहुतेक खर्च विमा उचलेल. काकांच्या त्या रक्त पातळ ठेवणाऱ्या महागड्या गोळीमुळे तुम्ही रेषेच्या जवळ पोचला होतात, आणि जूनमध्ये विमावाल्यांनी कळवलं की तुम्ही बरेच मागे आहात. तू लिहिलंस, 'पैसे आम्ही भरले, मग ते गेले कुठे?'

मला जे सापडलं ते असं: कंपनीने जे परत केले ते तुमच्या खिशातून गेले असं सरकार धरत नाही. परत मागितलेच नसते तर धरलं असतं. म्हणजे कंपनीची मदत घेतली की सरकारची मदत लांब जाते. मी मुलांना स्वच्छ, सरळ वाक्यं लिहायला शिकवते, आणि हे साधं वाक्य मला अजून पटकन बोलता येत नाही. तरी पावत्या पाठवत राहा. हिशेब केला तर तुमचा फायदा त्यातच आहे. निदान मला तसं वाटतं.

काकांना एवढंच सांग की तुमच्यावर कुणी लबाडीचा आळ घेतलेला नाही.

तुझी,
कोरीन

ऑरोरा, मिनेसोटा
२१ ऑक्टोबर

प्रिय कोरीन,

आलं बाई एकदाचं पत्र. मी रूडीला म्हणाले होते, पोरगी एक तर मेली असेल नाही तर प्रेमात पडली असेल. तू तर विमा वाचत बसली होतीस!

तुझं पत्र मी त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. 'तुमच्या खिशातून गेले असं धरत नाही' इथे आले तसा त्याने जेवणाचा काटा खाली ठेवला. म्हणाला, "कुणाच्या खिशातून मग? संपात आख्खा हिवाळा आपण बटाटे खाऊन काढला, तो कुणाच्या खिशातला होता? विचार तिला." मी म्हटलं, ती तेव्हा दोन वर्षांची होती, तिला काय विचारू. तर म्हणतो, "औषधांचा हक्क आम्ही त्या संपात मिळवला. तो माझा पगारच आहे, फक्त उशिरा देतायत. आणि सरकार म्हणतं कंपनीचं दान आहे!" मग उठला आणि कोट न घालता सरपण फोडायला गेला. गेल्या हिवाळ्यात त्याचं तोंड वाकडं झालं होतं ते विसरलाय जणू. डॉक्टरीणबाईंनी तेव्हा बजावलं होतं, ही गोळी एक दिवसही चुकवायची नाही, पुढचा झटका इतका हलका नसेल.

आता नवीन भानगड. आमचा औषधविम्याचा प्लॅन यंदा बंदच होतोय. सात डिसेंबरच्या आत दुसरा घ्यायचाय. कंपनीने नेमलेल्या एजन्सीचा कागद आला, की अमुक नंबरावर फोन करा, आम्ही तुम्हाला निळ्या कार्डाचा प्लॅन सुचवतो. पहिल्या वेळी त्यांची माणसं युनियन हॉलमध्ये आली होती, तिथे सही करून मोकळे झालो. आता फोनच करायचा म्हणतात. रूडी कंपनीच्या कुठल्याही फोनवर बोलत नाही, तुला माहीतच आहे. संपानंतर त्याने त्या ऑफिसात 'हॅलो'सुद्धा म्हटलेलं नाही, आणि आता त्र्याऐंशीव्या वर्षी सुरुवात करणार नाही म्हणतो.

तर गुरुवारी हॉलमध्ये आमची कॉफी होती. तिथे टिफनी आली, बर्निस कोमातारची नात. ती हल्ली विमा विकते. येताना तिने ओव्हनमधून नुकतेच काढलेले रूबार्बचे गोड पाय आणले होते. तिच्याकडेही तोच निळ्या कार्डाचा प्लॅन आहे. हप्ता तोच, गोळ्या त्याच, दुकान तेच. म्हणाली, "रूडी आजोबा, तुम्हाला कुणाला फोन करायला नको. काही अडलं तर मला हाक मारा, मी दोन गल्ल्या पलीकडे राहते." रूडीच्या बाजूला बसलेला फ्रँक लगेच म्हणाला, "सही कर रे रूडी, नाही तर तुझ्या वाटचा पाय पण मीच खातो." हॉलमधल्या निम्म्या लोकांनी सह्या केल्या.

रूडीने पेन उचललं होतं. मीच म्हटलं, थांब, कोरीनला विचारते. करू ना सही?

मावशी

अल्बुकर्की
२७ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

तू मला विचारलंस याचा आनंद झाला, आणि लगेच भीतीही वाटली. मी दोन्ही कागदांवरचा मजकूर विमा कंपनीच्या साइटवर ताडून पाहिला. प्लॅन खरोखर एकच आहे. कार्डाचा रंगसुद्धा. काकांची गोळी यादीत आहे आणि तुमचं औषधांचं दुकानही आहे. एकच वस्तू दोन दुकानांत मिळत असेल तर ती ओळखीच्या पोरीकडून घ्यावी, असं माझी बुद्धी सांगते.

करा सही.

हे लिहून मी दोन दिवस पत्र टाकलं नाही. काहीतरी विचारायचं राहिलंय असं वाटत होतं, पण काय ते सापडेना. माझी ही सवयच आहे. बाहेर पडताना गॅस बंद केलाय की नाही ते बघायला मी परत वर जाते, आणि तो नेहमी बंदच असतो. म्हणून आता टाकते.

काकांना सांग, तो पगार आहे असं मलाही वाटतं. सरकारला कसं पटवायचं ते मात्र मला ठाऊक नाही.

कोरीन

ऑरोरा
१९ नोव्हेंबर

प्रिय कोरीन,

फार लिहीत नाही, पोटित्साच्या गोड रोलसाठी अक्रोड वाटायचेत आणि यंत्राची मूठ निसटतेय. सगळं गाव हरणांच्या मागे रानात आहे. बँकेत एकच बाई, दवाखान्यात एकच नर्स, टिफनीसुद्धा बापाबरोबर मचाणावर. रूडी यंदा गेला नाही. पायऱ्या चढवत नाहीत म्हणाला. फ्रँकने आम्हाला एक मांडी आणून दिली.

सही झाली. निळी कार्डं आली. छान आहेत.

एजन्सीचाही एक कागद आला. लिहिलंय की तुम्ही आमच्यामार्फत प्लॅन घेतलेला नाही, म्हणून एक जानेवारीपासून रूडॉल्फ आणि अल्बिना झुपान्चिच यांचं औषधखातं बंद. मी म्हटलं चूक असेल, कार्ड तर त्यांनीच सुचवलं होतं. रूडी म्हणाला, "बरं झालं. त्यांचे पैसे नकोत, म्हणजे माझे पैसे माझेच धरतील." मला ते ऐकायला बरोबर वाटलं. बरोबर आहे ना? तूच लिहिलं होतंस की परत मागितले नाहीत तर ते आपल्या खिशातले धरतात.

तो हल्ली गोळी सुरीने अर्धी करतो. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय म्हणतो. मी विचारलं कधी सांगितलं, तर म्हणाला, तू ऐकलं नसशील. आता माझ्या कानांवर कुणीही काहीही ढकलावं.

थँक्सगिव्हिंगला तुझी टर्की करपू देऊ नकोस.

मावशी

अल्बुकर्की
२३ नोव्हेंबर

मावशी,

हे पत्र मी सर्वांत जलद टपालाने पाठवतेय. आधी एक गोष्ट कर: हे पत्र मिळेल त्या दिवसापासून काकांना आख्खी गोळी दे आणि ती गिळेपर्यंत समोर उभी राहा. मी दवाखान्यात फोन केला होता. काकांबद्दल ते मला काही सांगू शकत नाहीत, पण ही गोळी स्वतःच्या मनाने कुणीही अर्धी करू नये एवढं नर्सने ठणकावून सांगितलं. काकांनी ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून अर्धी केलेली नाही, मावशी. खातं बंद झालं तर पुढच्या वर्षी आख्खी परवडणार नाही, म्हणून ते आत्तापासून साठा करतायत.

आणि ते बंद होतंय माझ्यामुळे. कंपनीची अट अशी आहे की पैसे हवे असतील तर सरकारी औषधविमा तिने नेमलेल्या एजन्सीच्याच दारातून घ्यायचा. तोच प्लॅन दुसऱ्या दारातून घेतला तर खातं बंद, आणि तू काकांच्या नावाखाली आहेस म्हणून तुझंही. एकच कार्ड! मी प्लॅन ताडून पाहिला, हप्ता पाहिला, दुकान पाहिलं. कुठून घ्यायचा हेही पाहावं लागतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. टिफनीच्याही आलं नसावं. तिला तुमच्या खात्याची माहितीच नव्हती.

काका म्हणतात ते अर्धंच बरोबर आहे. त्यांचे पैसे त्यांचेच धरतील, पण रेषेपर्यंत पोचायला जेवढे भरावे लागतील तेवढे तुमच्यापाशी नाहीत.

यावर उपाय आहे. सात डिसेंबरच्या आत शेवटचा जो प्लॅन घ्याल तोच लागू होतो. तेव्हा तुम्ही एजन्सीच्या दारातून निळं कार्डच पुन्हा घ्यायचं. मी त्यांना फोन केला. माझ्याशी बोलायला तयार नाहीत. काकांनी स्वतः फोनवर यायचं, प्रत्येक प्रश्नाला स्वतःच्या आवाजात 'हो' म्हणायचं, आणि ते रेकॉर्ड होणार. तुझा 'हो' चालेल, पण तुझ्यापुरता, आणि मुख्य माणूस ते आहेत.

काकांना यातलं काय सांगायचं ते तू ठरव. मी तीन तारखेला डुलुथला उतरतेय. गाडी भाड्याने घेईन, न्यायला येऊ नका.

कोरीन

ऑरोरा
१६ डिसेंबर

प्रिय कोरीन,

तू नीट पोचलीस ना? तुझा एक हातमोजा इथे राहिलाय. सोबत पोटित्साचा अर्धा रोल पाठवतेय. तू इथे असताना जो लाटत होते तोच. जरा जाड झालाय, लक्ष तुमच्याकडे होतं म्हणून.

शनिवारी एजन्सीचा कागद आला: खातं सुरू राहील. निळी कार्डंही पुन्हा आली, अगदी तशीच. आता माझ्याकडे चार आहेत, दोन खरी आणि दोन खोटी, आणि कुठली कुठली ते देवाला माहीत. टिफनी रडतरडत आली, बरोबर आणखी एक रूबार्बचा पाय. हॉलमधल्या सगळ्यांना तिने घरोघरी जाऊन सांगितलं आणि शेवटच्या दिवसापर्यंत एकेकाला फोनजवळ बसवलं. फ्रँक फोनवर 'हो' म्हणण्याऐवजी 'आमेन' म्हणाला म्हणे.

रूडी रोज सकाळी आख्खी गोळी घेतो. माझ्यासमोर. घेऊन झाली की जीभ बाहेर काढून दाखवतो, चर्चमध्ये प्रसाद घेतल्यासारखी. पण बोलत नाही, कोरीन. तो फोन झाल्यापासून माझ्याशी 'मीठ दे', 'मिरपूड दे' एवढंच. हॉलमध्ये कॉफीला गेला नाही. पोस्टमन आला की मात्र खिडकीशी जातो.

त्या दिवशी मी पीठ ताणत होते. तुम्ही दोघं टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसला होता आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. त्याचं तोंड हललं. मग त्याने फोनवर हात ठेवला, तुला काहीतरी म्हणाला, आणि तू लिहिलंस. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि फोनमध्ये एकच शब्द बोलला. माझी पाळी आली तेव्हा तूच मला प्रश्न लिहून दाखवलेस, पण एका प्रश्नावर तू बोट ठेवलं होतंस. मी तरी 'हो' म्हणाले, भूक लागली होती.

त्याला विचारलं, काय बोललास? "कोरीनला विचार." तुला विचारतेय.

तुझी मावशी

अल्बुकर्की
२२ डिसेंबर

प्रिय मावशी,

उत्तर लगेच द्यायचं होतं, पुन्हा थोडा उशीर झाला. पोटित्सा जाड झालेली नाही. निम्मी मी विमानतळावरून आल्यासारखी उभ्याउभ्याच खाल्ली.

तुला सगळं जसं झालं तसं सांगते.

पलीकडे एक तरुण मुलगी होती, फार अदबीने बोलत होती. नाव, जन्मतारीख, पत्ता. काका चोख उत्तरं देत होते, पण आवाज असा की जणू पोलिसांसमोर आहेत. कार्ड कुठलं ते झालं. मग तिने एक मजकूर वाचला: औषधखात्याची ही सोय कंपनी स्वेच्छेने देते, तो निवृत्त कामगाराचा हक्क नाही, कंपनी ती कधीही बदलू किंवा बंद करू शकते, हे तुम्हाला समजलं आणि मान्य आहे का?

काका म्हणाले, "समजलं."

"सर, मान्य आहे का?"

"समजलं म्हटलं ना."

"सर, मला फक्त हो किंवा नाही एवढंच नोंदवता येतं."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "पोरी, तू बसलीयस कुठे?"

"युटामध्ये, सर."

"तिकडे खाणी आहेत?"

"हो सर. माझे आजोबा तांब्याच्या खाणीत होते."

"मग त्यांना औषधं कोण देतं?"

ती हळूच म्हणाली, "सर, रेकॉर्डिंग चालू आहे."

तेव्हा त्यांनी फोनवर हात ठेवला. मला म्हणाले, "तू लिहायला शिकवतेस ना? लिही. मी, रूडॉल्फ झुपान्चिच. मला समजलं. मला मान्य नाही. हा माझा पगार आहे. लिहिलंस?" मी म्हटलं, लिहिलं. "खाली सही करतो. कंपनीला पाठवशील?" मी म्हटलं, पाठवीन. त्यांनी मला पुन्हा विचारलं, "शब्द?" मी म्हटलं, शब्द. मग त्यांनी सही केली, तुझ्याकडे पाहिलं, तुझ्या हातांना कोपरापर्यंत पीठ लागलेलं होतं, आणि फोनमध्ये 'हो' म्हणाले. त्या प्रश्नावर मी बोट का ठेवलं होतं ते आता तुला कळलं असेल. मला वाटलं, तूही थांबशील.

खिडकीशी ते कशाची वाट बघतात ते मला ठाऊक आहे, मावशी. कंपनीने ते पत्र घेतल्याची पोच. ती आलेली नाही कारण मी पत्र टाकलेलंच नाही. ते माझ्या पिशवीत आहे.

मी घाबरले. आत्ता कुठे खातं सुरू झालंय. तिथल्या कुणी ते वाचून म्हटलं, ज्याला अट मान्यच नाही त्याला पैसे का द्यायचे, तर? मी नियम पुन्हा वाचले. कंपनीला कधीही बंद करता येतं, एवढंच त्यात आहे. मग ते पत्राने होईल की पत्राशिवाय? एजन्सीला फोन केला तर म्हणाले, हा प्रश्न कंपनीचा. कंपनीत विचारलं तर म्हणाले, एजन्सीला विचारा. एक 'हो' आवाजात आणि एक 'नाही' कागदावर, यातलं खरं कुठलं ते मला सांगता येत नाही. मागच्या वेळी मला सगळं कळलंय असं वाटलं आणि मी चुकले. या वेळी काहीच कळत नाही, म्हणून थांबले, आणि तेही चुकलंच असं आता दिसतंय.

कारण काल एक गोष्ट लक्षात आली. पत्र माझ्या पिशवीत आहे तोवर काका फक्त 'हो' म्हणालेत. ते 'हो' म्हणाले ते गोळीसाठी, तुझ्यासाठी, आणि मी शब्द दिला होता म्हणून. गोळी ते रोज गिळून दाखवतात. त्यांच्या बाजूने त्यांनी सगळं केलंय. म्हणून उद्या मी त्यांचं पत्र टाकतेय.

हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखव. मी त्यांचं पत्र अजून टाकलं नव्हतं हेही वाच, गाळू नकोस. चिडतील. पण चिडण्यापुरतं तरी बोलतील. पाठवू नकोस असं त्यांना आता वाटत असलं तरी उशीर झालेला असेल, आणि मला वाटतं, तसं त्यांना वाटणार नाही.

पावत्या जानेवारीपासून पुन्हा पाठवायला लाग. सरकार ते पैसे तुमचे धरणार नाही. तू धर.

तुझी,
कोरीन

(कोरीनची स्वतःसाठी नोंद) उद्या: पोस्ट उघडताच काकांचं पत्र कंपनीला, पोचपावतीसह, पोच परत जाण्याचा पत्ता ऑरोराचा घालणे.